रात्रीची पाळी कोणाची?

पत्र (थोडं लहान करून)

ताई, मी ३९ वर्षांची. अमळनेर तालुक्यातलं गाव, नाव नको. साडेतीन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही त्यांना माय म्हणतो. हे जळगावला कंपनीत, रेल्वेने रोजचं अपडाऊन. दीर सुरतला उधन्यात, नणंद धुळ्याला. मोठी मुलगी यंदा दहावी झाली, मुलगा सातवीत. मायचं अंग पुसणं, भरवणं, कपडे, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. रात्री बारा, दोन आणि चारचा गजर लावते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात वरणभात भरवताना मायने तिसऱ्यांदा घास थुंकला आणि डाव्या हाताने वाटी उडवली. माझ्या डोक्यात काय आलं माहीत नाही. मी चमचा जोरात तोंडात कोंबला. ओठ फुटला, रक्त आलं. माय नुसती बघत राहिली. ह्यांना सांगितलं, दात लागला. तेव्हापासून गजर नसला तरी झोप नाही, छातीत धडधडतं, मुलांवर ओरडते. कधी कधी वाटतं, माय सुटली तर बरं. मग स्वतःचीच किळस येते. लोक म्हणतात, पुण्याचं काम करतेस, धीर धर. मी वाईट बाई आहे का?

उत्तर

ताई,

तुम्ही वाईट बाई नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचा जीव त्या एकाच प्रश्नात अडकून राहील. पण ओठ फुटला ते चुकलं. ‘होतं असं कधी कधी’ म्हणून त्यावर मी पांघरूण घालणार नाही. तसं पांघरूण तुम्हाला पुरलं असतं, तर हे पत्र आलंच नसतं.

माझं एक सांगते. माझे वडील, आबा, लकव्याने अकरा महिने अंथरुणावर होते. माझ्याच घरी, धुळ्याला. आवाज गेलेला, म्हणून त्यांच्या चालत्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की टण टण वाजवायचे. दिवसा त्या आवाजाचं कौतुक होतं, गल्लीतली पोरं म्हणायची, आबांची शाळा सुटली. एका रात्री तो आवाज तिसऱ्यांदा आला. मी उठले, त्यांच्या बोटांतून चमचा काढून घेतला, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि जाऊन झोपले. सकाळी पाहते तर चादर गार ओली, आणि आबा पडल्या जागेवरून त्या फळीकडे बघत होते. रागावले असते, पेला फेकला असता, तर बरं वाटलं असतं. तेव्हा मी लोकांना सल्ले देण्याचंच काम करत होते, आणि दुपारी दोन वाजता एका बाईला ‘स्वतःला वेळ द्या’ वगैरे सांगून आले. चमच्याची गोष्ट पुढे कितीतरी वर्षं मी कोणाला सांगितली नाही.

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘माय नुसती बघत राहिली’ हे मी दोनदा वाचलं.

आता तुमच्या गजराचा हिशेब मांडू. रात्री साडेदहाला पाठ टेकली असं धरलं, तर बाराला उठायचं, दोनला उठायचं, चारला उठायचं आणि सहाला दिवस सुरू. दोन गजरांमध्ये दोन तास दिसतात खरे, पण उठून कूस बदलायची, ओलं काढायचं, हात धुवायचे आणि पुन्हा डोळा लागायची वाट बघायची, यात सलग झोप जेमतेम दीड तास उरते. साडेतीन वर्षं म्हणजे बाराशेच्या वर रात्री झाल्या. सलग १७-१८ तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा वागतो, हात आणि डोकं तितकंच चुकतं, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. तुमचं जागरण तर एकाच रात्रीचं नाही. सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो तेव्हा सोबत दुसरा ड्रायव्हर असतो. कोणी पहिल्या ड्रायव्हरला ‘पुण्याचं काम आहे, धीर धर’ म्हणून एकट्याला पाठवत नाही. पाठवला आणि गाडी कलंडली, तर लोक त्याच्या स्वभावाची चर्चा करत बसत नाहीत.

लोकांच्या त्या ‘पुण्या’वर माझा जरा राग आहे. पुण्याचं काम म्हटलं की त्यात दुसरा कोणी वाटा मागत नाही. कौतुक करून माणसं मोकळी होतात आणि काम तुमच्या नावावर चढतं. तुमच्याकडे बघायला येणारे विचारत असतील, “सासूनी तब्येत कशी शे?” साडेतीन वर्षांत “तुन्ही तब्येत कशी शे?” असं कोणी विचारल्याचं आठवतं का? आठवत असेल, तर त्या बाईचा फोन नंबर जपून ठेवा, पुढे लागेल.

तुम्हाला आता लागणार आहे ती पाळी. आपल्याकडे भावाभावांत सामाईक विहीर असते. पाण्याची पाळी कशी ठरते, तुम्ही पाहिलंच असेल. या आठवड्यात दिवसाची लाइट तुझी, पुढच्या आठवड्यात माझी. कोणी अर्धा तास मोटर जास्त चालवली तरी बांधावर भांडण होतं. पाण्याच्या तासातासाचा हिशेब ठेवणारी ही माणसं जन्मदात्या आईच्या रात्रींचा हिशेब मात्र ठेवत नाहीत. त्या सगळ्या रात्री परक्या घरातून आलेल्या बाईच्या नावावर.

कायद्याचं म्हणाल, तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. त्यात जबाबदारी असलेली अपत्यं कोण, ते लिहिलंय : मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. हे घेऊन तुम्ही भांडायला जावं म्हणून सांगत नाही, कोर्टाच्या पायरीने घरं नीट होताना मी फारशी पाहिली नाहीत. मनात एक गोष्ट सरळ व्हावी म्हणून सांगते. आज घरात बोललं जात असेल की काम सुनेचं, आणि मुलगा कधीमधी ‘मदत’ करतो. खरं उलट आहे. काम त्यांचं आहे, साडेतीन वर्षं मदत तुम्ही करताय.

आता ह्यांच्याशी बोलायचं. रात्री आठला थकून घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको, आणि रडतही नको. तुमचं रडणं खोटं असतं असं नाही, पण आपल्या घरांत बाई रडली की पुरुष पाणी देतो, ‘होईल सगळं ठीक’ म्हणतो आणि विषय संपतो. आधी तीन दिवस एक वही ठेवा. प्रत्येक वेळी उठलात की घड्याळ बघून एक ओळ लिहायची : १२.१०, कूस, ओलं. २.०५, कूस, मायला पाणी पाजलं. २.४०, माय कण्हली. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाला की ती वही त्यांच्यापुढे ठेवा. हिशेबाच्या वहीला आपले पुरुष मान देतात.

मग मागायचं ते नेमकं मागा. ‘जरा लक्ष देत जा’ याला काही अर्थ नसतो. असं म्हणा : “रात्री साडेनऊ ते दोन मी मुलांच्या खोलीत दार लावून झोपणार. बाराची कूस तुमची. दोनला मला उठवा आणि तुम्ही झोपा.” बघा, यात त्यांची फार मोडतोड नाही. साडेअकरापर्यंत ते मोबाइलवर जागे असतीलच. त्यांना एकदा दोनला उठावं लागेल, आणि तुम्हाला सलग साडेचार तास मिळतील. दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी असेल ती अख्खी रात्र त्यांची. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला झोप येणारच नाही. कान त्या खोलीत लागलेला राहील, ते कूस नीट बदलताहेत का म्हणून उठून बघावंसं वाटेल. उठू नका. वाकडी का होईना, त्यांना बदलू दे.

ते म्हणतील, “माय आहे माझी, मी तिचे कपडे कसे बदलू?” हा संकोच खरा आहे, त्याची टिंगल करू नका. मी आबांची लुंगी पहिल्यांदा बदलली ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. चौथ्या-पाचव्या दिवशी कॅलेंडरची गरज उरली नाही, पण तोवर आबांनीच डोळे मिटून घ्यायला सुरुवात केली होती, दोघांनी एकमेकांना सांभाळलं म्हणायचं. ह्यांना तिथपासून सुरुवात करायला सांगू नका. रात्री डायपर असतो, तेव्हा बाराची कूस म्हणजे नुसती कूस. पाठीखाली दुमडलेली चादर घालून ओढली की एकट्याने बदलता येते. तोंड पुसणं, पाठीला उशी लावणं, पायाच्या टाचा गादीवर टेकू न देणं, औषधं देणं, आठवड्याला दवाखान्यात फोन करणं, नखं काढणं, यात कुठेही लाज आड येत नाही.

गादीचंही बघा. पंप असलेली हवेची गादी, दुकानदार तिला एअर बेड म्हणतात, काही हजारांत मिळते, अमळनेरला नसली तर जळगाव-धुळ्याला मेडिकलच्या मोठ्या दुकानात मिळेल. तिने कूस बदलणं बंद होत नाही. पण मायची कातडी चांगली असेल, तर रात्री दोन गजरांमधलं अंतर वाढवता येतं का, हे डॉक्टरांना विचारता येतं. कंबर, नितंब, टाचा रोज उजेडात बघायच्या. लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर तो फिका झाला नाही, तर जखमेची सुरुवात आहे, थांबायचं नाही. सुरतच्या दिरांना पहिलं काम हेच सांगा, गादी. पैसे पाठवणाऱ्याला वस्तूचं नाव सांगितलं की तो लवकर पाठवतो.

मायबद्दल आता. तुम्हाला वाटत असेल, थुंकते ती मुद्दाम. असेलही एखादेवेळी, म्हातारी माणसं काही संत नसतात. पण उजवी बाजू आणि बोलणं एकदम गेलं, म्हणजे मार मेंदूच्या डाव्या भागाला बसलाय. अशा माणसाला बोलता येत नाही, पण समजत पुष्कळ असतं. लकव्यानंतर गिळण्याचं गणितही बिघडतं. उजव्या गालाला कळतच नाही की घास तिथे अडकलाय. माय खाटेवर पडून जेवत असेल, तर आधी टेकून ताठ बसवा, घास डावीकडे द्या, अर्ध्या चमच्याएवढा. पाण्यासारखं पातळ वरण ठसका आणतं, घट्ट दिलं तर बहुतेकांना सोपं जातं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. तोंडात फोड आहे का, दात हलतोय का, तेही एकदा बॅटरी लावून बघा. आणि हे सगळं करूनही थुंकणं, ठसका चालू राहिला तर डॉक्टरांना ‘गिळायला त्रास’ असं स्पष्ट सांगा.

आणखी एक. लकवा झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. उगाच रडणं, एकदम चिडणं, वाटी उडवणं हे त्यातलंही असू शकतं आणि त्याला औषध आहे. तुम्ही दोघी एकाच खोलीत, एकाच दुखण्याच्या दोन टोकांना बसलेल्या असाल. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला कोणी विचारत नाही.

हात तापेल त्या क्षणाचं आता ठरवून ठेवा. पुन्हा तसं होणार नाही, अशी शपथ घेऊ नका, शपथा तिसऱ्या घासाला टिकत नाहीत. दोनदा घास थुंकला की जेवण थांबलं, एवढा एकच नियम. वाटी खाली ठेवायची, मायचं तोंड पुसायचं आणि अंगणात निघून जायचं. माय अर्धा तास उपाशी राहिली तर तिला काही होत नाही. अंगणात जाऊन पायाखालची जमीन तापलेली आहे का, गार आहे का ते बघा, माठातलं पाणी तोंडावर मारा, श्वास घ्याल त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावा, आठ-दहा वेळा. छातीची धडधड हळूहळू उतरते. कोणी विचारलं, मायला सोडून बाहेर का उभी, तर सांगा, वरण गार होऊ देते.

ओठाची गोष्ट ह्यांना खरी सांगा. ‘दात लागला नव्हता, माझ्या हातून झालं, मला भीती वाटते पुन्हा होईल म्हणून.’ एवढंच. वही दाखवलीत त्याच दिवशी. ते चिडतील, “तू मायला मारलंस?” असंही तोंडातून निघेल. निघू द्या. त्या खोटेपणाने तुम्ही त्या खोलीत एकट्या पडला आहात, आणि त्यांना अजून वाटतंय की घरात सगळं व्यवस्थित चाललंय. वही आणि ओठ या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय बाराचा गजर त्यांचा होणार नाही.

मायलाही सांगा. हे अवघड वाटेल. दुपारी घर शांत असताना तिच्या चालत्या हाताजवळ बसायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, “माय, मन्हं चुकनं.” ती तोंड फिरवेल, रडेल, किंवा काहीच करणार नाही. माफ केलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत बसू नका. तिला कळतं, एवढं धरून बोला. मी आबांना हे बोलले नाही. ते गेले तेव्हा पेला आणि चमचा त्यांच्या उशाशीच होता, रोज रात्री मी तो न चुकता ठेवायचे, पण बोलले नाही.

‘माय सुटली तर बरं’ याबद्दल तुम्ही सगळ्यात दबकून लिहिलंय, आणि माझ्या दृष्टीने पत्रातली ही सगळ्यात साधी गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हे येऊन जातं. खुद्द आपल्या म्हाताऱ्या दिवसातून चारदा म्हणतात, देवा, आता उचल. त्यांनी म्हटलं तर ती भक्ती, आणि सुनेच्या मनात आलं तर पाप? हे दिवस संपावेत असं वाटणं आणि तिला आपण काही करावं असं वाटणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं आलं तर येऊ द्या, किळस करू नका. दुसरं आलं, म्हणजे उशी, औषधाची गोळी असं काही डोळ्यांपुढे यायला लागलं, तर त्याच तासाला मायजवळून उठा आणि कोणाला तरी बोलवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. आपणच नसलो तर बरं, असं येतं का मनात? येत असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा, आजच ह्यांना नाहीतर भावाला सांगा, एकट्या राहू नका. घरात कपाशीच्या फवारणीचं औषध पडलेलं असेल तर ते दुसऱ्याच्या हाताने घराबाहेर कुलपात जाऊ द्या. आणि १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला मरणाचा विचारच यावा लागतो असं नाही. रात्री दोनला कूस बदलून झाल्यावर झोप येत नाहीये, एवढ्यावरही लावता येतो.

तुमची झोप, धडधड, चिडचिड महिनाभर चाललीय. झोपेची पाळी लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत यातलं पुष्कळ उतरायला हवं. उतरलं नाही, किंवा दिवसचे दिवस कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, मुलांच्या आवाजाने अंगावर काटा येतो असं राहिलं, तर धुळे किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. आधी गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. रक्त कमी असलं तरी छाती अशीच धडधडते, आणि घरातल्या बाईचं रक्त तपासायचं राहूनच जातं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं तर त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. मात्र मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी परस्पर आणून घेऊ नका. तिची सवय लागते, आणि चारचा गजर ऐकू येणार नाही हा भाग वेगळाच.

नणंदेकडे वळू. ती महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन येत असेल, मायच्या गालावरून हात फिरवून “माय वाळली व” म्हणत असेल आणि साडेपाचच्या गाडीने परत जात असेल. हे मी तुमच्या पत्रात वाचलेलं नाही, पण मी पण कोणाची तरी नणंद आहे, मला माहीत आहे. तिच्याशी भांडू नका. फोन करून एकच वाक्य म्हणा : “ताई, सफरचंदं नका आणू, एक रात्र आणा.” महिन्यातला एक शनिवार-रविवार, तारीख आत्ताच ठरवून. मुलगी आहे, मायची अंघोळ तिच्या हातून व्हायला संकोचाचंही कारण नाही. दिरांना रात्र देता येणार नाही, उधन्यातून रोज कोण येणार? पण सकाळचे दोन तास अंग पुसायला आणि कपडे बदलायला गावातली एखादी बाई लावली, तर तिचा पगार ते देऊ शकतात. म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसवलतींची विचारपूस करायला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तो त्यांनाच लावायला सांगा, तुम्ही नका लावू. एक काम कमी.

दोघांनी फोनवर ‘बघू’ म्हटलं तर श्रावण आहेच. तुमच्याकडे कानबाई देवीच्या सणाचे रोट होत असतील, तर नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद घरी असणारच, सुरतवाले तर नक्की. रोटाच्या गव्हात मुठी घातल्या जातात त्या घरातल्या माणसांच्या नावाने, त्याच माणसांनी मायच्या रात्रींच्या मुठीही मोजाव्यात. मात्र पाहुण्यांसमोर विषय काढू नका, त्यात सगळे मोठ्या मनाचे होतात आणि सोमवारी विसरतात. सोमवारी कानबाई बोळवून आल्यावर, सुरतची गाडी पकडायच्या आधी, ह्यांनी बोलायचं. तुम्ही नाही. तुम्ही स्वयंपाकघरात वही घेऊन तयार राहा, कोणी ‘एवढं काय असतं?’ म्हटलं तर बाहेर यायला.

राहता राहिली आखाजी. घागर भरून झाली, डांगर खाऊन झालं, निंबाचा झोकाही लोकांनी सोडून ठेवला असेल. तरी माहेरी जायला सणच लागतो असं कोणी ठरवलंय? नणंदेची पहिली तारीख ठरली की त्या शनिवारी सकाळी बसमध्ये बसा. एसटीत आता बायकांना अर्धंच तिकीट लागतं. तुमचं माहेर कुठे आहे, तुम्ही लिहिलं नाही. चोपड्याकडे असेल तर तापीचा पूल लागेल, खिडकीजवळची जागा धरा.

तिथे पोचल्यावर आईला म्हणा, मला काही खाऊ घालू नको, आधी झोपू दे. पहिल्या दिवशी घरी चार वेळा फोन कराल, करा. दुसऱ्या दिवशी दोनदा. नणंद फोनवर सांगेल की माय माझ्या हातून जेवत नाहीये, तुलाच शोधतेय. ऐकून पोटात तुटेल, थोडा अभिमानही वाटेल, आणि पिशवी भरायला हात जाईल. तिला एवढंच सांगा : टेकून बसवा, घास डावीकडे, अर्ध्या चमच्याएवढा. आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनेच परत या.